हुकमाची स्वाहिली, हालहवालाची स्वाहिली



दार-ए-सलामच्या रस्त्यावर उभं राहून तुम्हाला रिक्षा करायची असेल, तर 'रिक्षा' म्हणून हाक मारू नका. तिथे तिला 'बजाजी' म्हणतात. एक रिक्षा म्हणजे 'बजाजी मोजा', दोन रिक्षा म्हणजे 'बजाजी म्बिली'. आपल्या जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर, आकुर्डीला, ज्या कंपनीचं मुख्यालय आहे तिचं नाव स्वाहिली भाषेत सामान्यनाम होऊन बसलंय. गंमत पुढेच आहे. 'बजाज' हा शब्द मुळात अरबी 'बज्जाज', म्हणजे कापडविक्या. तो अरबस्तानातून हिंदुस्थानात आला, इथे आडनाव झाला, वर्ध्याच्या जमनालालजींच्या घराण्याकडून कारखान्याच्या पाटीवर चढला, आणि तीन चाकांवर बसून त्याच समुद्राच्या आफ्रिकी काठाला जाऊन उतरला.

संयोजकांनी मला विषय दिला तो 'रोजच्या व्यवहारापुरती स्वाहिली'. कारण उघड आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यातली माणसं कामासाठी नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला अशा ठिकाणी जातात. कुणी मशिन बसवायला, कुणी तिकडच्या मेकॅनिकला शिकवायला. त्यांना आठ दिवसांत बोलता येईल एवढी भाषा हवी असते. मी भाषेचा मास्तर नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे मी पाठ देणार नाही. थोडा इतिहास सांगणार आहे. आपल्या बाजूच्या लोकांनी ही भाषा याआधी दीडशे वर्षं शिकली आहे. कुणी कशी शिकली, हे पाहिलं की आपण कशी शिकायची हे बरंचसं ठरतं, असं माझं मत आहे.

आधी भीती घालवू. मोम्बासाच्या बाजारात तुम्ही गेलात असं समजा. दुकानाला म्हणतात 'दुका'. हिशेबाला 'हेसाबू'. साबणाला 'साबूनी', साखरेला 'सुकारी', रंगाला 'रांगी', गोणीला 'गुनिया', बांगडीला 'बांगिली'. लाखाला 'लाकी', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा', सरकारला 'सेरिकाली'. फळांच्या हातगाडीपाशी या. आंब्याला 'एम्बे', पपईला 'पापाई', अननसाला 'नानासी' आणि पेरूला 'पेरा'. आता, पेरू आणि अननस आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले आणि नावंही त्यांचीच राहिली. तेच पोर्तुगीज वसईला होते, गोव्याला होते आणि मोम्बासाचा फोर्ट जीझसही त्यांनीच बांधला. एकाच मालकाची एकाच समुद्रावरची दोन ठाणी. म्हणून तळेगावचा माणूस आणि मोम्बासाचा माणूस पेरूला जवळजवळ एकच नाव देतो.

यात योगायोग काही नाही. पावसाळी वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. एका हंगामात गलबतं आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेला जायची, दुसऱ्या हंगामात परत यायची. वारा बदलेपर्यंत माणसाला तिथे काही महिने थांबावंच लागायचं. आणि थांबला की भाषा आली. 'स्वाहिली' हा शब्दच अरबी 'साहिल'वरून आला, म्हणजे किनारा. काठावरच्यांची भाषा. तिचा सांगाडा बांटू कुळातला, अस्सल आफ्रिकी. अंगावरचे दागिने अरबी, फारसी, हिंदी, गुजराती, पोर्तुगीज. दागिने आपल्या ओळखीचे दिसले म्हणून सांगाडाही ओळखीचा आहे असं मात्र समजू नका. तिथे लोक फसतात.

फसवणारे शब्दही आहेत, ते आत्ताच सांगून टाकतो. 'बाबा' म्हणजे बाबाच. पण 'मामा' म्हणजे आई. 'काका' म्हणजे भाऊ. आणि 'दादा' म्हणजे बहीण! तेव्हा पिंपरीच्या सवयीने तिथल्या रिक्षावाल्याला 'ओ दादा' अशी हाक मारू नका. (हशा.) 'नानी' म्हणजे 'कोण?'. आणि 'साला' म्हणजे प्रार्थना, तेव्हा त्या शब्दाचा राग मानू नका.

आता इतिहासाकडे. नाशिकला शरणपूर रोड आहे, तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. हे शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं पूर. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे वस्ती उभी केली. त्या काळात ब्रिटिश आरमाराची जहाजं अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत असत. सोडवलेल्या माणसांना मुंबईला उतरवलं जाई. त्यात लहान मुलं पुष्कळ. कुणी याओ, कुणी मकुआ, कुणी आणखी आतल्या मुलखातलं. यांचं करायचं काय? सरकारने त्यातली कितीतरी मुलं शरणपूरच्या मिशनकडे सोपवली. तिथे ती शाळेत गेली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, इंग्रजी शिकली. आजूबाजूला मराठी मुलूख, तेव्हा कानावर मराठी. आईची भाषा हळूहळू विरत गेली. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची भाषा टिकवायला त्या भाषेत त्याच्याशी बोलणारं कुणीतरी लागतं, आणि ते कुणी उरलेलं नव्हतं.

१८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईहून शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याने यातली नऊ मुलं बरोबर नेली. इंग्रजी नोंदींत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलंय. पुढे १८७२ साली त्याच्याकडे माणसांची आणखी एक तुकडी पोचली, तिच्यातही नाशिकचे तरुण होते. त्यांतला एक जेकब वेनराइट. लिव्हिंगस्टन १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारला. त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. मग सुसी, चुमा, वेनराइट आणि बाकीच्यांनी ते शव वाळवून, बांधून, हजार मैलांहून जास्त चालत नऊ महिन्यांनी समुद्रकाठी बागामोयोला आणलं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत एकच आफ्रिकी होता, आणि तो नाशिकच्या शाळेतला होता.

मला या गोष्टीत नेहमी एक प्रश्न पडतो. हे लोक आपसात बोलत कुठल्या भाषेत असतील? चुमा आणि वेनराइट याओ, सुसी झांबेझीकाठचा, हमाल दहा जमातींचे. वेनराइटचं इंग्रजी पक्कं, पण ते हमालाशी काय कामाचं? त्या वाटांवर चालणारी भाषा एकच, स्वाहिली. व्यापारी तांडे तीच बोलत. 'सफारी' हा शब्द त्याच वाटेवरचा, 'सफर'च तो. तेव्हा नाशिकहून गेलेल्यांची स्वाहिली ही शाळेत शिकलेली भाषा नव्हे. ती बरोबर चालताना, ओझं वाटून घेताना, कुणाला ताप आला तर बसून राहताना आलेली भाषा. नऊ महिने प्रेत घेऊन परमुलखातून जायचं तर वाटेवरच्या प्रत्येक गावाशी बोलावं लागतं. ती माणसं सुखरूप पोचली याचं श्रेय धैर्याला तर आहेच, बोलण्यालाही आहे.

या गोष्टीचा पुढचा भाग जास्त मोठा आहे आणि आपल्याकडे कमी सांगितला जातो. मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर, ज्याच्या कारकिर्दीत गणेशखिंडीतला बंगला, म्हणजे आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, बांधायला घेतली, तो १८७३ साली झांझिबारला गुलामांचा बाजार बंद करण्याच्या वाटाघाटींसाठी गेला. बाजार त्याच वर्षी कायद्याने बंद झाला. मग सोडवलेल्यांसाठी मोम्बासाच्या समोरच्या किनाऱ्यावर वस्ती झाली, तिचं नाव फ्रियर टाउन. ती उभारायला कोण गेलं? तेच शरणपूरचे प्राइस. आणि बरोबर नाशिकचे आफ्रिकी: सुतार, लोहार, शिक्षक, धर्मोपदेशक. त्यांतले इश्माएल सेमलर आणि विल्यम जोन्स पुढे १८८५ साली पाद्री झाले. 'बॉम्बे आफ्रिकन' असंच त्यांना म्हणत. विचार करा, माणूस आपल्या खंडात परत आला आणि त्याची ओळख काय, तर मुंबईवाला! यांना स्वाहिली नव्याने आपलीशी करावी लागली, कारण नव्याने सुटून येणाऱ्या घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा तर तो इंग्रजीत देऊन चालत नाही.

फ्रियर टाउनची घंटा अजून तिथे आहे. घंटेला स्वाहिलीत 'केंगेले'. त्या चौकाला लोक 'केंगेलेनी' म्हणतात. हा शेवटचा 'नी' लक्षात ठेवा. आपण 'घर'चं 'घरी' करतो, तसं ते 'न्युम्बा'चं 'न्युम्बानी' करतात. केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. एवढं कळलं तरी शहरातल्या निम्म्या जागांच्या नावांचा उलगडा होतो.

ही झाली एक परंपरा. दुसरी आपल्याला जास्त जवळची आणि जरा अडचणीची आहे.

१८९६ साली मोम्बासाहून रेल्वे घालायला सुरुवात झाली, १९०१ मध्ये ती व्हिक्टोरिया सरोवराला पोचली. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. रेल्वेमागोमाग कारकून आले, गोवेकर आले, कच्छी-गुजराती दुकानदार आले, थोडे मराठीही आले. १९२० पर्यंत केनियात चलन आपला रुपया होता. कायदा म्हणाल तर इंडियन पीनल कोड. झांझिबारच्या ब्रिटिश न्यायालयातली अपिलं मुंबईच्या हायकोर्टात येत. आगगाडीला स्वाहिलीत काय म्हणतात माहीत आहे? 'गारी ला मोशी'. गारी म्हणजे आपली गाडीच, मोशी म्हणजे धूर. धुराची गाडी. (एक श्रोता: भोसरीच्या पुढे आपलं मोशी आहे!) आहे, पण त्याचा धुराशी संबंध नाही. निदान नावाचा नाही. (हशा.) आपण आग पाहिली, त्यांनी धूर पाहिला. न्यायशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे उदाहरण फार आवडतं.

या नव्या मुलखात स्वाहिली दोन ठिकाणी शिकली गेली. गोऱ्यांच्या मळ्यांवर आणि हिंदी दुकानांत. मळेवाल्यांची जी मोडकी स्वाहिली झाली तिला लोकांनी नावच ठेवलं, 'किसेट्ला'. सेटलरांची भाषा. १९३६ साली ल ब्रेटन यांचं 'अप-कंट्री स्वाहिली' हे पुस्तक निघालं, ते मळेवाले, खाणवाले, व्यापारी यांच्यासाठी. म्हणजे ज्यांना नोकरांकडून काम करून घ्यायचंय त्यांच्यासाठी. या स्वाहिलीत क्रियापदं बहुतेक आज्ञार्थी. आण, ने, धू, जा, लवकर. व्याकरणाचे मेळ सगळे गळालेले. ऐकणाऱ्याने फक्त समजायचं आणि करायचं. त्याने उलट बोलावं अशी त्या भाषेची रचनाच नाही.

दुकानातली स्वाहिली तितकी वाईट नव्हती. दुकानदाराला गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं, नाहीतर माल कसा खपेल? झांझिबारच्या आणि किनाऱ्यावरच्या कच्छी कुटुंबांत तर घरातही उत्तम स्वाहिली बोलत. तेव्हा सगळ्यांना एका दावणीला बांधणं अन्यायाचं होईल. पण आतल्या मुलखातल्या कितीतरी घरांमध्ये ही भाषा गल्ल्यापुरती आणि मोरीपुरती राहिली. भाव सांगायचा, पोत्यावर पोतं चढवायला सांगायचं, मोलकरणीला भांडी सांगायची. पन्नास वर्षं त्या देशात राहून शेजाऱ्याला 'कसं काय' विचारण्याची भाषा आली नाही. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. तो अन्याय होता, त्याचं समर्थन होऊ शकत नाही, आणि त्याची कारणं भाषेपेक्षा खूप मोठी होती. पण निघून जाणाऱ्यांसाठी रडायला स्थानिक माणसं फार थोडी पुढे आली, त्यात या भाषेच्या तुटकपणाचा वाटा होता असं मला वाटतं.

युगांडाचाच आणखी एक धडा आहे. तिथे गंडा लोकांना स्वाहिली फारशी आवडत नाही. का? कारण त्यांच्याकडे ती आली वसाहतीच्या पलटणींबरोबर, किंग्ज आफ्रिकन रायफल्सबरोबर, आणि नंतर अमीनच्या सैनिकांच्या तोंडी राहिली. दरडावणीची भाषा म्हणून ओळख झाली की पुढच्या पिढीलाही तिचा कडवटपणा राहतो. तुम्ही कंपालाला जाणार असाल तर लुगांडातले दोन शब्द शिका, ते जास्त उपयोगी पडतील. टांझानियात नेमकं उलट. तिथे न्येरेरे यांच्यासारखा माणूस राष्ट्राध्यक्ष, ज्याला लोक 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. त्यांनी १९६३ साली शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणलं. स्वाहिली हा तिथला अभिमान आहे. दारमध्ये मोडकी स्वाहिली बोललात तर लोक रागावत नाहीत, हळूच दुरुस्त करतात.

आपल्या मराठी माणसांपैकी एकाचं नाव इथे घेतलंच पाहिजे. औंधचे आप्पासाहेब पंत. संस्थानच्या राजाचे चिरंजीव. १९४८ साली ते स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. काळे-गोरे-हिंदी यांची हॉटेलं वेगळी, डबे वेगळे, असा तो काळ. पंतांच्या घरी केन्याटांसारख्या आफ्रिकी नेत्यांची ये-जा असे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी जोर लावला. ब्रिटिशांना ते इतके खुपले की शेवटी त्यांना तिथून हलवावं लागलं. पुढच्या दशकांत पुण्याच्या कॉलेजांत केनिया-टांझानियाची मुलं दिसू लागली, त्या वाटेची सुरुवात इथे आहे.

तसाच एक टांझानियन विद्यार्थी माझ्या वर्गात होता. हुशार. त्याचं मराठीही कामचलाऊ होतं, पण तो 'बाई आला', 'मुलगी गेला' असं म्हणे. मुलं हसायची. नंतर कळलं की स्वाहिलीत लिंगभेदच नाही. 'अनाकूजा' म्हणजे तो येतो, ती येते, काहीही. मग त्या भाषेत आहे काय? तर नामांचे वर्ग आहेत, आणि हेच तिचं खरं व्याकरण. 'म्तू' म्हणजे माणूस. 'कीतू' म्हणजे वस्तू. मूळ एकच, 'तू'. पुढे 'म्' लावला की माणूस, 'की' लावला की वस्तू. आणि एकदा वर्ग ठरला की वाक्यातल्या सगळ्या शब्दांनी त्याप्रमाणे वळायचं. 'म्तू म्झुरी', चांगला माणूस. 'कीतू किझुरी', चांगली वस्तू. रुआंडाचे तत्त्वज्ञ अलेक्सी कागामे यांनी १९५६ मध्ये आपल्या भाषेतल्या अशाच वर्गांवरून बांटू लोकांचं सत्ताशास्त्र मांडलं. व्याकरणातून तत्त्वज्ञान काढण्यात धोका असतो, ते मी जाणतो. पण एवढं खरं, की मळेवाल्याने आधी टाकून दिले ते हेच मेळ. इंग्रजाला ते जड वाटले. आपल्याला जड वाटायचं कारण नाही. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल' हे आपण पाळण्यापासून करतोय.

यातली एक बारीक गोष्ट सांगतो. आंधळ्या माणसाला 'किपोफू' म्हणतात, बहिऱ्याला 'किझिवी'. म्हणजे रूप वस्तूच्या वर्गाचं. आपणही 'ते येडं', 'ते पोरगं' म्हणतो ना, माणसाला नपुंसकलिंगात ढकलतो, तसंच काहीसं. पण पुढचं क्रियापद मात्र माणसाचंच घेतात, 'किपोफू अनाकूजा'. रूप हलकं, पण वाक्य त्याला माणूसच मानतं.

मग आठ दिवसांत शिकायचं काय? माझं सांगणं असं की वस्तूंची नावं मागाहून. ब्रेकला 'ब्रेकी', पंक्चरला 'पांचा', गॅरेजला 'गेरेजी', सुट्या भागांना 'विपुरी', मिस्त्रीला 'फुंदी', हे वर्कशॉपमध्ये दुपारपर्यंत आपोआप येतं. आधी शिका ती हालहवाल विचारायची रीत. 'हबारी' म्हणजे खबर. 'हबारी या असुबुही?' सकाळची काय खबर? उत्तर 'न्झुरी', चांगली. मग घरची खबर, कामाची खबर, प्रवासाची खबर. हे संपल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. आपल्या शॉप फ्लोअरवरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. तिथे मात्र सरळ 'तो स्पॅनर दे' असं सुरू करणारा माणूस उद्धट ठरतो, मग तो कितीही हुशार इंजिनिअर असो.

वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, विशेषतः टांझानियात आणि किनाऱ्यावर. त्याची फोड 'तुमचे पाय धरतो' अशी करतात. समोरचा म्हणतो 'माराहाबा'. आपल्याला हे काय शिकवायला हवं? 'पाया पडतो' म्हटल्यावर 'सुखी राहा' येतं, तसंच. आणि याची गरज का, तर स्वाहिलीत 'तू-तुम्ही-आपण' असा भेद नाही. एका माणसाला 'वेवे' म्हणायचं, मग तो शिपाई असो की मंत्री. सगळा आदर संबोधनात. म्हाताऱ्याला 'म्झे', बाईला 'मामा'. मुलाचं नाव जुमा असेल तर 'मामा जुमा', म्हणजे आपल्या चाळीत 'बाळूची आई' म्हणत तसं. नुसतं नावाने हाक मारू नका.

मागायचं असेल तर 'नाताका माजी', मला पाणी हवंय, हे बरोबर आहे पण रांगडं आहे. 'नाओम्बा माजी' म्हणा, पाणी मागतो, विनंती करतो. 'लेते' म्हणजे आण, तो हुकूम. 'उनिलेतेए' म्हणजे मला आणावंस. आपल्याकडे 'बसा' आणि 'बसावं' यांत जो फरक आहे तोच. मराठी बोलणाऱ्याला हा फरक एका क्षणात कळेल.

आणि 'पोले'. याला मराठीत एक शब्द नाही. कुणी ठेचाळला, 'पोले'. कुणाच्या घरी आजारी आहे, 'पोले'. कुणी उन्हात ओझं वाहतोय, 'पोले क्वा काझी', कामाचा शीण होतोय ना. चूक तुमची नसते, तरी म्हणायचं. आपण अशा वेळी फार तर 'अरेरे' म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. सर्व्हिसला गेलेला माणूस रात्रभर खपणाऱ्या तिथल्या फुंदीला सकाळी हे दोन शब्द म्हणाला, तर पुढचं काम निराळं होतं.

गाण्याचा उल्लेख राहिला. झांझिबारची गायिका सिती बिंती साद १९२८ साली मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीसाठी स्वाहिली गाणी ध्वनिमुद्रित करून गेली. पूर्व आफ्रिकेतल्या बाईचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर चढला तो आपल्या मुंबईत. भाषेचा उच्चार शिकायचा असेल तर तिकडचा ताराब ऐका, पाठ्यपुस्तकापेक्षा बरा.

आता वेळेचं सांगून थांबतो, कारण नवखा माणूस पहिल्याच दिवशी अडकतो तो इथे. जॉन म्बिती नावाचे केनियाचे विचारवंत होते. त्यांनी १९६९ च्या पुस्तकात मांडलं की आफ्रिकी काळाचे दोन भाग, 'सासा' आणि 'झामानी'. झामानी म्हणजे आपला जमाना, खोल भूतकाळ. सासा म्हणजे आत्ता, पण त्यात नुकतंच झालेलं आणि लगेच होणारंही येतं. दूरचा भविष्यकाळ जवळजवळ नाहीच. यावर भरपूर टीका झाली, आणि ती रास्त होती. स्वाहिलीत भविष्यकाळाचं रूप ठणठणीत आहे, 'निताकूजा', मी येईन. आणि म्हणाल तर आपला 'आत्ता' तरी काय वेगळा आहे? 'आत्ताच आलो' आणि 'आत्ता येतो', दोन्हीकडे तोच. यावरून मराठी माणसाला भविष्य नाही असं कुणी म्हटलेलं मला ठाऊक नाही.

खरी अडचण घड्याळाची आहे. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपल्या प्रहरांसारखं. सकाळी सात म्हणजे 'सा मोजा', तास पहिला. आपल्याकडे पहिली पाळी सातची असते ना, ते तिला सरळ एक वाजताची म्हणतील, आणि हिशेबाने तेच बरोबर. म्हणून कुणी 'केशो सा न्ने' म्हणाला, उद्या चौथ्या तासाला, तर ते सकाळचे दहा. तुम्ही दुपारी चारला पोचाल आणि गिऱ्हाईक सहा तास वाट पाहून निघून गेलेलं असेल. युक्ती सोपी आहे. घड्याळाचा तासकाटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा.

भिंतीवरच्या घड्याळात आता रात्रीचे सव्वाआठ झालेत. म्हणजे 'सा म्बिली ना रोबो'. संयोजक मघापासून माझ्याकडे बघतायत. प्रश्न असतील तर घेऊ या, नसतील तर बाहेर चहा आहे. त्याला तिकडेही 'चाय'च म्हणतात.